अज्जीनं सांगितलेलं भूत

ऑक्टोबर संपत आला की आमच्या कॉलेजातल्या मुलांना ‘हॅलोवीन’चे वेध लागतात. मुखवटे, काळे कपडे आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर भयपट!

मला आठवतो भाड्यानं आणलेला व्हीसीआर आणि ‘ना निन्न बिडलारे’. अनंत नाग-लक्ष्मी यांचा १९७९ चा कन्नड भयपट. आई हुबळीची, तरी आम्हा भावंडांचं कन्नड अर्धवटच. मग अज्जी मोडक्यातोडक्या मराठीत एकेक संवाद सांगायची. भीती वाटायची अन् हसूही यायचं. पुढे १९९३ साली महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्येंच्या बाहुल्यातला तात्या विंचू अज्जीला कन्नडमध्ये समजावताना माझी त्रेधा उडाली. खरं तर तिथंच मी कन्नड शिकलो.

परवा मुलाला विचारलं, “‘ना निन्न बिडलारे’ म्हणजे काय रे?” शाळेत कन्नड असूनही त्याला सांगता येईना.

“मी तुला सोडू शकत नाही,” मी म्हटलं. नाव भुताच्या सिनेमाचं, पण मला त्यात अज्जीच ऐकू आली.

या रविवारी इअरफोन बाजूला ठेवून आम्ही दोघं तो पाहणार आहोत. तुमच्या घरी अज्जी असेल, तर तिला मधोमध बसवा.