तेल्या, स्ट्रेप्टोसायक्लिन आणि मातीतली चढाओढ

डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी वर्षानुवर्षे फवारले गेलेले स्ट्रेप्टोसायक्लिन मुळात मातीतलेच आहे. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असते. ही दोन्ही प्रतिजैविके स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंची देणगी. पहिल्या पावसानंतर मातीला सुटणारा वासही मुख्यतः त्यांचाच. १९४३ मध्ये अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ यांनी भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीतून स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस वेगळा केला आणि स्ट्रेप्टोमायसिन हाती आले.

मातीत जिवाणूंना खाद्य तुटपुंजे मिळते. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेभोवती त्यांची गर्दी होते आणि चढाओढ सुरू होते. स्यूडोमोनास लोह बांधून ठेवून शेजाऱ्यांना उपाशी ठेवतो, तर स्ट्रेप्टोमायसिस प्रतिजैविक सोडतो. मात्र जो विष सोडतो त्याला आधी स्वतःला वाचवावे लागते. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसजवळ त्यासाठी एक विकर असते. ते स्ट्रेप्टोमायसिनच्या रेणूला फॉस्फेट जोडते, मग तो रेणू निकामी होतो. म्हणजे प्रतिजैविक आणि प्रतिकार यांचा जन्म बरोबरीचा. कॅनडातील युकॉन भागातल्या ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीत टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिन यांना दाद न देणारी जनुके सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ती माती गोठली तेव्हा माणसाकडे औषध तर सोडाच, शेतीही नव्हती.

फवारणी प्रतिकार निर्माण करत नाही. जो आधीच आहे त्याला निवडून वाढवते. बागेतील जिवाणूंत असा प्रतिकार दोन वाटांनी येतो. एका वाटेने जिवाणूच्या प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोममधील एका प्रथिनात बदल होतो आणि औषधाला चिकटायला जागाच उरत नाही. दुसरी वाट अधिक चिंतेची आहे. स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी जनुके प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवरून एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूत जातात. सफरचंद व नासपतीवरील अग्निदाह रोगाच्या अर्विनिया या जिवाणूत अमेरिकेत अशी जनुके आढळली. तीच जनुके माणसाच्या व जनावरांच्या रोगजंतूंतही आहेत. फवाऱ्याचा बराच भाग पानावरून ओघळून जमिनीवर पडतो, तेव्हा निवड फक्त तेल्याच्या झँथोमोनास या जिवाणूची होत नाही, मातीतल्या इतर जिवाणूंचीही होते. तांब्याला प्रतिकार करणारी जनुके याच प्लास्मिडवर असू शकतात, त्यामुळे मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रणही डोळे झाकून वापरण्याचे औषध नव्हे.

या चढाओढीचा उपयोगही करून घेता येतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन केर यांनी मुळांवरील गाठी रोखणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम के-८४ हा निरुपद्रवी वाण वापरात आणला. तो सोडत असलेल्या अ‍ॅग्रोसिन या प्रतिजैविकाचा प्रतिकार रोगजंतूकडे जाऊ नये म्हणून पुढे त्याच्या प्लास्मिडचे हस्तांतरण बंद पाडलेला के-१०२६ तयार झाला. प्रतिकाराचा विचार आधीच करणारे असे काम विरळाच.

स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचा शेतीतील वापर बंद करण्याचा मसुदा केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. बंदी असो वा नसो, तेल्याचा मुक्कामच मोडायला हवा. रोगट फांदी डागाच्या खालून छाटावी, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करावी, गळलेली पाने-फळे गोळा करून जाळावीत आणि रोगमुक्त रोपेच लावावीत. यातल्या एकाही कामाला जिवाणूकडे प्रतिकाराचे जनुक नाही.