जहाज कुणासाठी थांबत नाही

आमच्या घरात ‘जहाज’ म्हटलं की फार वर्षं एकच गोष्ट आठवायची, हजचं जहाज. मुंबईहून जेद्द्याला मोगल लाइनच्या बोटी जायच्या. 1995 मध्ये ती वाट बंद झाली आणि सगळे हाजी विमानाने जाऊ लागले. आमच्या दादी बोटीनेच हजला गेल्या होत्या. त्यांना निरोप द्यायला अम्मी शहापूरहून मुंबईच्या बंदरावर गेली होती. तेव्हापासून तिच्या मनात होतं, एकदा तरी बोटीत बसायचं.

सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागलं आणि क्रूझ हा शब्द आपल्याकडच्या घरांतही ऐकू येऊ लागला. मुरबाडची आपा आणि दुलाभाई म्हणाले, अम्मीला घेऊन जाऊ. चार महिने पैसे बाजूला टाकले, गोव्याची फेरी घेतली. त्या सफरीत आमच्या हातून जी चूक झाली, ती वाचकांच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहितो आहोत.

जहाज गोव्याला मुरगाव बंदरात लागतं, काही तास थांबतं आणि पुढे निघतं. त्या मधल्या तासांत उतरून फिरायचं असेल तर वेगळी सहल घ्यावी लागते. तिला शोअर एक्सकर्शन म्हणतात. जहाजाच्या तिकिटात ती सहसा धरलेली नसते. आम्ही तिकिटं काढली, खोल्या निवडल्या, मुलांसाठी पोहायचे कपडे घेतले. पण गोव्यात उतरून काय करायचं हे जहाजावर चढल्यावर ठरवलं. मुलांनी बोट ठेवलं ती सहल घेतली. त्यात दिवसभर चालणं आणि चढउतार. अम्मीचे गुडघे आम्हाला ठाऊक होते. ती म्हणाली, “तुम्ही जा, मी इथेच तसबीह घेऊन बसते.” आम्ही गेलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा अम्मी कठड्याजवळच्या खुर्चीत बसली होती. तिने गोवा पाहिला तो म्हणजे बंदरातल्या क्रेन आणि मालाचे ढीग. तिने एकच विचारलं, “काय काय पाहिलंत?” मुलं सांगत राहिली, ती ऐकत राहिली. तिच्याच नावाने काढलेली सफर, आणि तीच जहाजावर राहिली. चूक कंपनीची नव्हती, एजंटचीही नव्हती. आमचीच होती.

गेल्या जानेवारीत आम्ही पुन्हा तीच फेरी घेतली. या खेपेस तिकिटं काढण्याआधी आपाच्या घरी वही घेऊन बसलो. पहिला प्रश्न ‘कुठे जायचं?’ असा घेतला नाही. घरातला सगळ्यांत हळू चालणारा माणूस किती वेळ चालू शकतो, हे आधी लिहिलं. अम्मी सलग दहा मिनिटं. मग परतीची वेळ लिहिली. जागा त्यानंतर.

परतीच्या वेळेचा हिशेब आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून शेवटची एसटी चुकली की काय होतं ते दुलाभाईंनी बरेचदा भोगलंय. जहाजाचंही तेच. सुटायची वेळ वेगळी आणि सगळ्यांनी परत चढायची वेळ वेगळी. दुसरी वेळ आधीची असते आणि आपल्यासाठी तीच खरी. समजा जहाज सकाळी 10 ला लागलं आणि 5 पर्यंत परत चढायचं आहे. दिसायला सात तास. पण उतरायला, गेटपर्यंत पोचायला, गाडी शोधायला एक तास धरा. परत येताना दीड-दोन तास आधीच बंदर गाठायचं ठरवा. हाती उरतात चार तास. त्यातच जाणं-येणं, जेवण आणि जोहरची नमाज. सफरीतली नमाज कसर कशी करायची, दोन नमाजा एकत्र करता येतात का, हे आपापल्या मसलकाप्रमाणे निघण्याआधी इमामसाहेबांना विचारून ठेवावं. ऐन वेळी रस्त्यात मशवरा करत बसू नये.

आता सहल जहाजाकडून घ्यावी की आपली गाडी ठरवावी? दोन्हींत फायदा-तोटा आहे. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा तिची वाट पाहतं, नाहीतर त्या प्रवाशांची पुढची सोय लावतं. आपण स्वतःच्या गाडीने गेलो आणि वाटेत अडकलो, तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही. पण जहाजाच्या सहलीचे पैसे माणशी मोजावे लागतात, आणि चाळीस माणसांच्या चालीने चालावं लागतं. गाडी केली तर पैसे गाडीचे, आणि अम्मी म्हणेल तिथे थांबता येतं.

आम्ही एक साधा नियम ठरवला. जिथून घरी यायला जमिनीचा रस्ता आहे, तिथे आपली गाडी करायची. जिथे नाही, तिथे जहाजाचीच सहल घ्यायची. गोव्यात वाईटात वाईट काय होईल? जहाज चुकेल. मग मडगावहून कोकण रेल्वेने ठाणे, तिथून कसारा लोकलने आसनगाव. खर्च होईल, मनस्ताप होईल. पण माणसं घरी पोचतील. म्हणून उतरताना प्रत्येकाच्या अंगावर ओळखपत्र, दोन दिवसांची औषधं आणि थोडे रोख पैसे असलेच पाहिजेत. हे सामान खोलीत ठेवून उतरू नये.

जागा निवडली फोंड्याची साफा मशीद. 1560 साली आदिलशाही काळात बांधलेली, जांभ्या दगडाची, कौलारू छपराची. शेजारी मोठा चौकोनी तलाव, त्याच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराच्या कमानी. आज ती पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. बंदरापासून पस्तीसेक किलोमीटर. बोरीच्या पुलावरून जुवारी ओलांडली की फोंडा जवळ येतं. जुन्या गोव्यातली चर्च आणि समुद्रकिनारेही पाहण्यासारखे आहेत, पण चार तासांत एकच जागा नीट होते. मुलांनी कुरकुर केली. त्यांना सांगितलं, मागच्या वेळी तुमचा दिवस होता, आज दादीचा.

गाडीवाल्याशी घरूनच फोनवर बोललो होतो. बंदराच्या आवारात खासगी गाडी सहसा येऊ देत नाहीत, म्हणून गेटबाहेर कुठे भेटायचं ते पक्कं केलं. भाडं, थांबण्याचा वेळ, टोल, सगळं मेसेजवर लिहून घेतलं. आगाऊ रक्कम थोडीच दिली, कारण हवेमुळे जहाज त्या बंदरात न थांबताही पुढे जाऊ शकतं.

अम्मी तलावाच्या काठाशी अर्धा तास बसली. मशिदीच्या पायऱ्या चढताना एका बाजूला आपा, दुसऱ्या बाजूला नातू. कुणी घाई केली नाही. साडेतीनला आम्ही बंदराच्या गेटवर होतो. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांत जास्त अम्मीच बोलत होती.

जेवणावरून आठवलं. हलालची सोय आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सहल रद्द झाली तर पैसे कसे परत मिळतात, व्हीलचेअर मिळते का, पायऱ्या किती आहेत, तेही लेखी घ्या. एजंट तोंडी ‘हो हो’ म्हणतो ते ऐन वेळी कामाला येत नाही.

आता अम्मीच्या डोक्यात लक्षद्वीप आलंय. तिथली जवळजवळ सगळी वस्ती मुसलमानांची, कवरत्तीची उजरा मशीद नक्षीदार लाकडी छतासाठी नावाजलेली. पण तिथे आमचा नियम उलटा लागतो. जमिनीचा रस्ता नाही, जायला प्रवेश परवाना लागतो, म्हणून सहल जहाजाकडूनच घ्यायची आणि परवान्याचे कागद वेळेत द्यायचे. पावसाळ्यात तो समुद्र खवळलेला असतो, म्हणून सफर हिवाळ्यातच. शिवाय प्रवाळाच्या कड्यामुळे मोठं जहाज बेटाला लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि हलत्या लाँचमध्ये उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. समुद्राला उधाण असेल तर तेही रद्द.

अम्मीला त्या लाँचमध्ये उतरता येईल का? वहीच्या पहिल्या ओळीत हाच प्रश्न लिहिलाय. डॉक्टरांना विचारू, जहाजवाल्यांनाही विचारू. तिचा पाय त्या दिवशी साथ देतो की नाही, ते तिथे गेल्यावरच कळेल. नाही दिली, तर ती जहाजावर थांबेल. पण या वेळी तिच्याजवळ कोण थांबणार, हे आम्ही आत्ताच ठरवलंय. इन्शाअल्लाह, ती एकटी बसणार नाही.