पुडीतली बुरशी, पावतीवरचा डीएपी



वसई तालुक्यातल्या चांदीपकडच्या रानात साग, ऐन वाढतात. त्यांच्या बुडाशी डीएपीचे पोते कोणी रिकामे करत नाही. मग त्यांना स्फुरद मिळतो कसा? स्फुरद मातीला चिकटून बसतो, मूळ तिथवर पोचत नाही. मुळात राहणारी बुरशी आपले धागे दूरवर पसरते, स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाने केलेली साखर घेते. आपल्या ज्वारी-कपाशीच्या मुळांतही हाच व्यवहार चालतो.

पण रोगाच्या बुरशीला अडवणारे झाड हिला आत कसे घेते? 2011 साली फ्रान्स-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पॉप्लरच्या झाडावर दाखवले, की बुरशी एक लहानसे प्रथिन सोडते. ते मुळाच्या पेशीत, थेट केंद्रकात शिरते आणि झाडाचा विरोध शमवते. त्याच वर्षी जर्मनीत शेतपिकांच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीचेही असे प्रथिन सापडले. त्याचे नाव एसपी7. असे असले तरी दाराची कडी पिकाच्याच हाती राहते. वरून भरपूर स्फुरद मिळाला, की पीक बुरशीला थारा देईनासे होते. फुकट जेवू कोण घालणार?

माझे भांडण इथे आहे. दुकानदार एकाच पावतीवर डीएपीही देतो आणि मायकोरायझाची पुडीही. एकाने दार लावायचे, दुसऱ्याने पाहुणा पाठवायचा आणि पैसे दोन्हीचे आपले! डीएपी सोडा, असे मी म्हणत नाही. जमिनीत स्फुरद कमी असेल तर तो लागतोच. पण माती न तपासता दोन्ही कशाला?

आणखी एक. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून तिचे विरजण करायला कुंडीत बहुधा ज्वारी किंवा मका पेरतात, मग ती मुळे आणि माती वापरतात. म्हणजे पुडीतला माल आपल्या धसकटांतलाच. कापसावर कापूस घेऊन ज्वारी आपण हौसेने सोडली नाही, भाव परवडला नाही म्हणून सोडली. पुडी विकणारा हे कशाला सांगेल?

यंदा पुडी घेतलीच असेल, तर चार ओळी तिच्याविना ठेवा. तेवढ्याच ओळी पुडीच्या धरा, खत दोन्हींना सारखे घाला, वेचणीचा कापूस वेगवेगळा तोला. दोन्ही आकडे बैठकीला घेऊन या.