जनुक सापडले, निदान मात्र रेंगाळले

१६९५ मध्ये बर्नार्ड कॉनर या आयरिश डॉक्टरने एका सांगाड्याचे वर्णन छापले. त्यातले मणके, फासळ्या आणि कमरेचे हाड जुळून एकसंध झाले होते. पुढे १८९० च्या दशकात रशियात बेख्तेरेव्ह, जर्मनीत श्ट्र्युम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी हाच आजार जिवंत रुग्णांत टिपला. आज आपण त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतो. या सगळ्यांना दिसला तो ताठ झालेला कणा, म्हणजे आजाराचा शेवट.

एक्स-रेने नजर थोडी मागे नेली, पण फार नाही. कण्याला कमरेच्या हाडांशी जोडणाऱ्या सांध्यांतले बदल एक्स-रेत उमटायला अनेक वर्षे लागतात. स्त्रियांत ते बहुधा सावकाश होतात. त्यामुळे हा 'पुरुषांचा आजार' ठरला आणि असंख्य स्त्रियांची कंबरदुखी कामाच्या, बाळंतपणाच्या नाही तर मनाच्या खात्यावर टाकली गेली. हा अन्याय होता.

१९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एचएलए-बी२७ या जनुकाशी आजाराचे नाते दाखवले. लंडनच्या ब्रुअरटन यांच्या पाहणीत ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत ते होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांपैकी फक्त तिघांत. एवढा ठसठशीत आकडा वैद्यकात क्वचितच मिळतो, आणि त्यानेच 'बी२७ म्हणजेच आजार' असा एक गैरसमजही रुजवला. बी२७ असलेल्या शंभर जणांपैकी नव्वदहून अधिक जणांना हा आजार कधीच होत नाही; उलट काही रुग्णांत बी२७ नसते. १९९४ च्या एका प्रयोगात बी२७ घातलेले उंदीर जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर त्यांचे सांधे सुजलेच नाहीत. म्हणजे आतड्यातल्या जंतूंचाही यात हात आहे. २००७ मध्ये ईआरएपी१ आणि आयएल२३आर ही जनुकेही या आजाराशी जोडली गेली. म्हणून 'पॉझिटिव्ह' अहवाल पाहून कोणी खचू नये आणि 'निगेटिव्ह' अहवाल दाखवून रुग्णाला कोणी घरी पाठवू नये.

खरी खूण रुग्णाच्या बोलण्यात असते. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली कंबरदुखी, उत्तररात्री झोपमोड, सकाळचा ताठरपणा, विश्रांतीने न थांबणारे पण हालचालीने कमी होणारे दुखणे. जोडीला डोळा लाल होऊन दुखणे, सोरायसिस, आतड्याची सूज किंवा घरात कोणाला हाच त्रास. हे विचारायला पाच मिनिटे पुरतात. तरीही पहिले दुखणे आणि निदान यांत जगभर सरासरी सहा-सात वर्षे जातात.

पूर्वी या उशिराला एक सबब तरी होती, कारण उपचार तोकडे होते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सूज वाढवणारी टीएनएफ आणि नंतर आयएल-१७ ही प्रथिने रोखणारी औषधे आली. आपल्याकडे क्षयरोग व्यापक असल्याने ती देण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते आणि त्यांचा खर्चही अनेकांना झेपत नाही. पण नियमित व्यायाम आणि सूज कमी करणाऱ्या साध्या गोळ्या हा पहिला उपचार बहुतेकांच्या आवाक्यातला आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर दुखणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीला डॉक्टरांनी हे प्रश्न विचारावेत आणि शंका येताच संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावे. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही.