सहलीत सुट्टी कुणाला?

थंडी पडली की आपल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "एखाद्या रविवारी सगळे मिळून कुठंतरी जाऊ या." मग मोबाईलवर ठिकाण ठरतं, गाडी ठरते, बिर्याणीला मटण किती आणायचं ते ठरतं. आमच्याही घरात गेल्या वर्षी असंच ठरलं आणि आम्ही कर्नाळा पक्षी अभयारण्यात गेलो. घरी आल्यावर आमच्या धाकटीने शाळेच्या वहीत सहलीवर निबंध लिहिला. त्यातलं दुसरंच वाक्य होतं, "तिथे बिर्याणी छान होती." पूर्ण पानभर निबंधात एकही पक्षी नव्हता.

आम्ही हसलो खरे, पण निबंध खोटा नव्हता. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. जंगलातले पक्षी पहाटेपासून नऊ-दहापर्यंत जास्त हिंडतात, बोलतात. ऊन चढलं की सावलीत गप्प बसतात. मुलांनी स्पीकर आणला होता, त्यामुळे जे बोलत असतील तेही गप्प झाले. डेग उतरवायची, दस्तरखान अंथरायचं, वाढायचं, आवरायचं यात तीन वाजले. आमच्या वहिनी आणि धाकटी भावजय गाडीपासून शंभर पावलंही पुढे गेल्या नाहीत. रात्री अम्मी एवढंच म्हणाल्या, "बायकांचं स्वयंपाकघर तुम्ही आज जंगलात नेलंत."

हे वाक्य आम्हाला लागलं. आम्ही शाळेत शिकवतो. मुलांची सहल न्यायची तर महिनाभर आधी कागद घेऊन बसतो. किती मुलं, कुणाकडे प्रथमोपचाराची पेटी, कोण मोजणी करणार, कुणाला गाडी लागते, सगळं लिहून ठेवतो. आणि स्वतःच्या घरच्या माणसांना नेताना? फक्त मटण किती, एवढंच विचारलं. म्हणून यंदा घरच्या सहलीचाही कागद केला. पहिल्या ओळीत लिहिलं : या दिवशी सुट्टी कुणाला? उत्तर लिहिलं : सगळ्यांना. बाकीचा बेत त्या उत्तराला धरून केला. तो इथे देतो आहोत, कारण आपल्या बहुतेक घरांची अडचण सारखीच असते.

जागा

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कर्नाळा रायगड जिल्ह्यात, पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागूनच आहे. 1968 साली ते अभयारण्य झालं. तेव्हा क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरहूनही कमी होतं, 2003 मध्ये ते बारा चौरस किलोमीटरच्या वर नेलं. वर अंगठ्यासारखा सुळका दिसतो तो कर्नाळा किल्ल्याचा. खाली हिंडायला दोन निसर्गवाटा आहेत. हरियाल नावाची छोटी, मोरटाका नावाची लांब. वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर छोटी वाट पुरे. किल्ल्याची चढण दमवणारी आहे, ती तरुण मुलांसाठी वेगळ्या दिवसावर ठेवावी. एकाच दिवसात किल्लाही, वाटाही आणि जेवणही करायला गेलं की घरातली अर्धी माणसं खाली बसून उरलेल्यांची वाट पाहत राहतात.

ही झोपाळ्यांसाठी किंवा हॉटेलसाठी जायची जागा नाही. हे मुलांना आधी सांगावं. "तिथे काय आहे?" असं विचारलं तर "झाडं आहेत, पक्षी आहेत आणि गप्प बसायला जागा आहे" असं खरं उत्तर द्यावं.

दिवस आणि वेळ

हिवाळ्यात इथल्या पक्ष्यांत बाहेरून आलेले पाहुणेही मिळतात, म्हणून डिसेंबर-जानेवारी चांगला. शुक्रवार टाळावा, जुम्याच्या घाईत जंगल पाहून होत नाही. रविवारी गर्दी असते. शाळेची सुट्टी आठवड्यात मधेच येत असेल तर तो दिवस धरावा. उघडण्या-बंद होण्याची वेळ, तिकीट आणि बंदी असलेल्या वस्तू आधी विचारून घ्याव्यात, नियम बदलत राहतात.

आमच्या घरापासून कर्नाळा सव्वा तासावर आहे. यंदा फजरची नमाज झाली की चहा पिऊन निघालो आणि पावणेआठला तिथे होतो. ज्या घरात फजरला उठायची सवय आहे त्या घराला पक्षी पाहणं अवघड नाही. आपण उठतो त्याच वेळी तेही उठतात. एस.टी.ने जाणाऱ्यांनी पनवेल किंवा पेणहून जाणारी गाडी कर्नाळ्याला थांबते का, हे कंडक्टरला चढण्याआधी विचारावं.

डबा

सगळ्यात मोठा वाद इथे झाला. बिर्याणीशिवाय सहल कसली, असं आमचे मोठे बंधू म्हणाले. आम्ही म्हटलं, बिर्याणी रात्री घरी येऊन करू, पण ती तुम्ही करायची. ते गप्प बसले.

डब्याचा नियम एकच ठेवला : जे तिथे गरम करावं लागत नाही, वाढावं लागत नाही आणि ज्याचा कचरा उरत नाही, तेच न्यायचं. तांदळाच्या रोट्या, सुकी भाजी, उकडलेली अंडी, खजूर, संत्री, भाजलेले चणे. प्रत्येकाचा स्टीलचा डबा वेगळा, ज्याचा त्याने उघडायचा आणि ज्याचा त्याने धुवायचा. अंडी रात्री मुलग्यांनी उकडली. चार फुटली, तरी पुरली. रोट्या मात्र वहिनींनीच केल्या, हे कबूल केलं पाहिजे. पुढच्या वेळी त्याही बाहेरून सांगू.

खाणं वाटेवर काढायचं नाही, ठरलेल्या जागी बसूनच खायचं. इथे माकडं आहेत. त्यांना एक बिस्किट दिलं की ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या पोराच्या हातातलं ओढतात. आपली दया दुसऱ्याला महाग पडते.

कचरा

गेल्या वर्षीची दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. निघताना कागदी ताटल्या आणि प्लास्टिकच्या ग्लासांची पिशवी आम्ही गाडीजवळच विसरलो. विसरलो म्हणतो, पण खरं तर प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने उचलली. तिथल्या एका कर्मचाऱ्याने हाक मारून ती आमच्या हातात दिली. तो वाकडं काही बोलला नाही. तरी सगळ्या रस्त्यात आम्ही गप्प होतो. टोप्या आणि बुरखे घातलेली माणसं पिशवी टाकून गेली तर तो कचरा एका घराचा राहत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

पण लोक काय म्हणतील हे काही पहिलं कारण नव्हे. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या शाखांमध्ये गणलं आहे. झाड लावलं आणि त्याचं फळ माणसाने, जनावराने किंवा पक्ष्याने खाल्लं तर तो लावणाऱ्याचा सदका, असंही आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. मग ज्या जंगलातलं एकही झाड आपण लावलं नाही तिथे निदान टाकून तरी येऊ नये. यंदा कचऱ्याच्या पिशवीवर एकाचं नाव लिहिलं. आमच्या तेरा वर्षांच्या पुतण्याचं. ज्याचं नाव लिहिलेलं असतं तो विसरत नाही, हे शाळेच्या सहलींनी आम्हाला शिकवलं आहे.

वुजू, नमाज आणि कपडे

थंडीत जुहरची वेळ साडेबारा-पाऊण वाजता लागते, तोवर वाटेवरून खाली येता येतं. स्वच्छतागृहात वाटेला लागण्याआधीच सगळ्यांनी जाऊन यावं, बायका-मुलींनी तर नक्कीच. वुजूसाठी प्रत्येकामागे एक लिटरची बाटली पुरते. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करत, म्हणजे लिटरहूनही कमी. आम्ही आधीच्या आठवड्यात घरी मुलांची शर्यत लावली, मोजून पाऊण लिटरमध्ये वुजू कोण करतं. धाकटी जिंकली. त्या दिवसापासून घरचा नळही कमी वाहतो आहे, हा फायदा ठरवलेला नव्हता.

एक चटई आणि पातळ जानमाज बरोबर ठेवावी, जाण्या-येण्याची वाट सोडून बाजूला नमाज पढावी. आपल्या कोकणातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. कसर करायची की पूर्ण पढायची हे अंतरावर आणि आपल्या मसलकवर आहे, निघण्याआधी इमामसाहेबांना विचारून घ्यावं.

कपड्यांबद्दल बहिणी विचारतात. काळ्या किंवा तपकिरी बुरख्याची जंगलात काही अडचण नाही, भडक रंग नसलेला बराच. अडचण होते ती जमिनीवर लोळणाऱ्या घेराची आणि गुळगुळीत चपलांची. घेर घोट्याच्या वर घ्यावा, बूट घालावेत. अत्तर त्या दिवशी घरीच राहू द्यावं.

पक्षी ओळखायला कोण शिकवणार?

हा प्रश्न आम्हालाही होता. उत्तर आपल्याच घरात निघालं. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना वाटेच्या सुरुवातीलाच बसवलं आणि दर अर्ध्या तासाला एकाने त्यांच्याजवळ बसायची पाळी लावली. पहिली पाळी आमची. झाडीतून टुक-टुक-टुक आवाज आला. आम्ही पुस्तक उघडलं. अम्मींनी मान वर न करता सांगितलं, "तांबट आहे. भांडी ठोकतोय. लहानपणी दुपारी आम्ही त्याचे ठोके मोजायचो." मग कुटुर्गा, मग हळद्या. आवाजावरून पाच पक्षी त्यांनी सांगितले. इतक्या वर्षांत हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुलांना आम्ही डॉ. सालिम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातला हा मुलगा 1896 साली जन्मला, लहानपणीच आईवडिलांविना झाला आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे वाढला. एकदा त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली, म्हणून त्याने मामांना विचारलं. मामांनी "चिमणीच ती, जा खेळ" असं म्हटलं नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवलं. पोराचा प्रश्न घरातल्या मोठ्याने मनावर घेतला आणि पुढे देशाला पक्ष्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक मिळाला. पत्नी तहमिना या पाहणीच्या दौऱ्यांत त्यांच्या बरोबर जंगलात राहत.

आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. आपण मराठीत त्याला बाईचं नाव दिलं, पण घरटं विणतो तो नर. मादी येते, पाहते, पसंत पडलं तर राहते. हे ऐकून वहिनींनी मोठ्या बंधूंकडे पाहिलं. ते डबे धूत होते.

आणि प्रवासातली ती हदीसही सांगितली, जिच्यात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिल्लं उचलली, ती पंख फडफडवत आली आणि प्रेषितांनी (स.) पिल्लं परत ठेवायला लावली. मुलांनी नंतर एकदाही घरट्याकडे काठी नेली नाही.

यंदाचा हिशेब

एकूण दहा-बारा पक्षी आम्हाला नीट दिसले. फार नाहीत. पण वहिनी धाकटीला घेऊन हरियाल वाट पूर्ण चालून आल्या. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसं असलेला काळा भृंगराज त्यांनी पाहिला, तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो तेही ऐकलं. आम्ही विचारलं, कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "तासभर कुणी काही मागितलं नाही."

लग्नाला सतरा वर्षं झाली त्यांच्या. हे वाक्य त्या तक्रार म्हणून बोलल्या नाहीत, म्हणून जास्त ऐकू आलं.

यंदा निबंध लिहायला शाळेने सांगितलेलं नाही. तरी धाकटीने लिहिला. त्यात बिर्याणी शेवटच्या ओळीत आहे : "रात्री मोठ्या अब्बांनी बिर्याणी केली. मीठ कमी होतं. पण सगळ्यांनी एकदम बसून खाल्ली."

आपणही या थंडीत जवळच्या एखाद्या रानात जाऊन या. दूर असलंच पाहिजे असं नाही. जाण्याआधी कागद घ्या आणि पहिल्या ओळीत तो प्रश्न लिहा. उत्तर काय आलं ते आम्हाला जरूर कळवा.