सव्वीस डावांचा सामना

परवां आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, ज्या सामन्याचा निकालच लागला नाहीं, तो लक्षांत तरी कशाला ठेवायचा?" उत्तरादाखल त्याला सांगितलेली हकीकत येथें देतों.

स्थळ अमेरिकेंतील बोस्टन शहर, दिवस १ मे १९२०. बेसबॉलमध्यें प्रत्येक पक्षाला आळीपाळीनें नऊ वेळां बॅट धरावयास मिळते; तीन गडी बाद झाले कीं पाळी संपली. नऊ डावांअखेर धावा समसमान झाल्यास निकाल लागेपर्यंत एकेक डाव वाढवीत जावयाचें. त्या दिवशीं ब्रुकलीन आणि बोस्टन या दोन धंदेवाईक संघांची गांठ होती. ब्रुकलीनतर्फें चेंडू फेकणारा लिऑन केडोर, बोस्टनतर्फें जो ओश्गर.

पांचव्या डावांत दोन गडी बाद व्हावयाचे तेथें ओश्गरच्या हातून चेंडू निसटला, एकच बाद झाला, आणि ब्रुकलीनची धाव झाली. सहाव्यांत बोस्टननें ती फेडली. त्यानंतर वीस डाव कोणालाच धाव नाहीं!

सतराव्या डावांतील प्रसंग मला कोणत्याहि उत्तुंग फटक्याहून मोलाचा वाटतो. ब्रुकलीनचे गडी तिन्ही बेसवर उभे, बाद अवघा एक. फटका थेट ओश्गरकडे आला. त्यानें चेंडू घरच्या बेसवरील गाउडीकडे फेकून एक गडी टिपला. गाउडीनें लगेच पहिल्या बेसकडे फेकला. तेथें तो नीट झेलला गेला नाहीं. ही संधि पाहून धिप्पाड कोनेची घराकडे धांवला. चेंडू परत आला, गाउडीनें आडवें अंग झोकून दिलें, आणि कोनेची बाद!

अखेर काळोख दाटला. मोठ्या संघांच्या मैदानांवर दिवे यावयाला १९३५ साल उजाडावें लागलें. सव्विसावा डाव संपतांच पंच मॅकॉर्मिक यांनीं खेळ थांबविला. ब्रुकलीनचा ओल्सन एक बोट उंचावून 'आणखी एकच डाव' म्हणून विनवीत होता. सत्तावीस झाले असते तर पुरे तीन सामने भरले असते. आयुष्य शाळेंत घालविल्यामुळें मला पंचांचा निर्णय पटतो, परंतु मन मात्र ओल्सनकडे ओढतें. भीम-जरासंधांच्या द्वंद्वालाहि शेवट होता. येथें एक-एक अशीच नोंद झाली.

आणि हे सर्व सव्वीस डाव, तीन तास पन्नास मिनिटें, केडोर व ओश्गर या दोघांनींच चेंडू फेकला! हल्लीं सहासात डाव झाले कीं बहुधा नवा गडी आणतात. शिवाय २०२० पासून जादा डावाच्या आरंभींच दुसऱ्या बेसवर एक गडी उभा करतात, म्हणजे निकाल लवकर लागतो. त्या दोघांच्या खात्यावर मात्र ना जय, ना पराजय. पुढेंहि त्यांची गणना अग्रगण्यांत झाली नाहीं: ओश्गरचे एकूण जय ८२, पराभव ११६, केडोरचे ६८ व ७२.

ब्रुकलीनची दशा तर विचारूंच नका. दुसऱ्या दिवशीं आपल्या गांवीं परतून तेरा डावांत फिलाडेल्फियाकडून हार, तिसऱ्या दिवशीं पुन्हां बोस्टनला येऊन एकोणीस डावांत हार. तीन दिवसांत अठ्ठावन्न डाव, आणि जय एकहि नाहीं. तरी त्या वर्षीं आपल्या लीगमध्यें पहिला आला तो हाच संघ.

नातवानें विचारलें, "आणि केडोरचा हात?" केस विंचरण्यापुरताहि तो तीन दिवस वर होत नव्हता, असें केडोर पुढें सांगत असे.