भयाचा दाखला कोणी द्यावा?

2016 सालच्या एप्रिल महिन्यात 'द जंगल बुक' हा चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाला, तेव्हा केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्यास सर्वांसाठी सरसकट खुला असा दाखला न देता, बारा वर्षांखालील मुलांनी तो वडीलधाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा, म्हणजे 'यूए' वर्गाचा, दाखला दिला. आणि त्रिमित पडद्यावरची जनावरे प्रेक्षकांच्या अंगावर झेपावल्यासारखी भासत असल्यामुळे मुले भितील, असा त्याचा खुलासा मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी केला. त्या चित्रपटात मोगलीचे काम करणारा मुलगा तेवढा हाडामांसाचा. बाकी अरण्य, अस्वल, लांडगे आणि हिंदी आवृत्तीत नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरणारा शेरखान, हे सारे संगणकावर निर्माण केलेले. किपलिंगच्या कथेतला सिवनीचा मुलूख नागपूरच्या उत्तरेस, आम्हा वर्धेकरांना फारसा परका नव्हे. आणि 2014 साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळालेले बोरचे जंगल तर आमच्याच जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या वाघाचे नुसते चित्र मुंबईच्या कचेरीला मुलांच्या मानाने जड वाटले, त्या वाघाने रात्री कोणाची गाय मारली, याची चर्चा जंगलाच्या कडेच्या गावांतली मुले सकाळच्या चहाबरोबर ऐकत असतात.

मंडळाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. कायदा म्हटला की त्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते, आणि 2023 च्या दुरुस्तीने तर ती एकाच बारा वर्षांच्या रेघेऐवजी सात, तेरा आणि सोळा अशा तीन ठिकाणी ओढली आहे. परंतु ही रेघ किती हलती आहे, याची साक्ष इतिहासच देतो. डिस्नेच्या 'स्नो व्हाइट'चा पहिला खेळ 1937 च्या डिसेंबरात झाला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडात सोळांखालील मुलांना तो मोठ्यांच्या सोबतीखेरीज पाहण्यास मनाई झाली. आज तोच चित्रपट तीन वर्षांच्या पोरांपुढे लावून आया स्वयंपाकाला लागतात. उलट, सशांच्या कळपाची रक्तरंजित कहाणी सांगणारा 'वॉटरशिप डाउन' तेथे 1978 साली सर्वांसाठी खुला म्हणून मंजूर झाला, आणि चार दशकांनंतर, 2022 मध्ये, त्याचा वर्ग बदलून पालकांना सावध करणारा करण्यात आला.

माझी हरकत रेघेला नाही, तर वय हेच भीतीचे माप आहे या समजुतीला आहे. 'जंगल बुक' लागून दोन महिने होत नाहीत तोच, 31 मे रोजी पहाटेपूर्वी पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली. स्फोटांनी परिसर हादरला, आग विझवू पाहणारे जवान आणि अधिकारी प्राणास मुकले, आणि आसपासच्या खेड्यांतील माणसांना अंगावरच्या कपड्यांनिशी घरे सोडावी लागली. त्या रात्री आईच्या कडेवरून अंधारात पळालेले एक मूल आणि त्याच वेळी कारंज्यात किंवा आष्टीत स्वस्थ झोपलेले त्याच्याच वयाचे दुसरे मूल, अशी दोन मुले शेजारी शेजारी बसवून त्यांना 1942 सालचा 'बॅम्बी' दाखवला, तर त्यातला वणवा पाहताना दोघांच्या मनात एकच गोष्ट घडेल काय? झोपलेल्याला तो रंगीत देखावा वाटेल; पळालेले कदाचित उठून दाराकडे जाईल, किंवा कदाचित, आणि हेही तितकेच संभवनीय आहे, त्या रात्रीविषयी आयुष्यात पहिल्यांदा चार शब्द बोलेल. यांपैकी काय होईल हे दाखल्यावर छापता येत नाही. ते फक्त त्या मुलाला ओळखणाऱ्या माणसाला थोडेफार कळू शकते.

आणि आमच्या जिल्ह्यात आग ही क्वचितची गोष्ट; बापाचे जाणे तितके क्वचितचे नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा एक होता. 'द लायन किंग' या 1994 सालच्या चित्रपटात मुफासा मरतो, आणि त्याचा खुनी भाऊ कोवळ्या सिंबाला सांगतो की, हे तुझ्यामुळे झाले. बाप गेलेल्या घरातले मूल हेच स्वतःला मुकाट्याने सांगत असते, हे अशा घरांत वावरणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेला ठाऊक आहे. चित्रपटातले ते वाक्य खोटे होते, हे शेवटास उघड होते, आणि त्या मुलाला तेच ऐकण्याची सर्वाधिक गरज असते. पण शाळेत तो लावला आणि तेथवर पोचण्याआधीच गुरुजींनी तास संपला म्हणून यंत्र बंद केले, तर ते मूल मनात कोणते वाक्य घेऊन घरी जाईल?

कोवळ्या मनांना दुःख दाखवूच नये, असे म्हणणारे पालक मला भेटतात, आणि त्यांची माया मला समजते. मात्र आपल्या परंपरेचा त्यांना पाठिंबा आहे, असे त्यांनी समजू नये. श्रावणी सोमवारी 'शिवलीलामृत' वाचले जाते, तेव्हा श्रियाळ राजाची कथा लहानमोठ्यांनी एकत्रच ऐकलेली असते: दारी आलेला अतिथी नरमांस मागतो, पोटच्या चिलया बाळाचा बळी दिला जातो, वर आईने त्याचे मस्तक उखळात घालून कांडावे, डोळ्यांतून टिपूस येता कामा नये आणि तोंडाने गाणे चालू राहावे, अशी त्या अतिथीची अट. कोणत्या कार्टूनने एवढे धाडस केले आहे? ऐकणाऱ्या बायांचे पदर डोळ्यांना लागतात, पोरे मांडीला चिकटतात, आणि बाळाला हाक मार असे अतिथी म्हणतो नि ते धावत येते, तेव्हाच त्यांचा श्वास मोकळा होतो. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली आपला पहिला चित्रपट काढला तो हरिश्चंद्राचा, ज्यात पोटच्या पोराचे प्रेत घेऊन आई स्मशानात येते. आणि त्या रोहिदासाचे काम त्यांनी स्वतःच्या मुलाकडून, भालचंद्राकडून, करवून घेतले.

त्याच हरिश्चंद्राच्या नाटकाने राजकोटातल्या एका शाळकरी मुलाला वेड लावले होते. त्या मुलाला चोरांची, भुतांची आणि सापांची एवढी धास्ती होती की दिव्यावाचून त्याला झोप येत नसे, आणि रंभा नावाच्या दाईने त्यावर रामनामाचा उपाय सांगितला होता. आजच्या हिशेबाने असल्या भित्र्या मुलाला ते नाटक दाखवणे हा गुन्हाच ठरला असता. वडिलांच्या परवानगीने त्याने ते पाहिले, पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटले, मनातल्या मनात ते असंख्य वेळा वठवले आणि त्याच्या आठवणीने तो रडत राहिला, हे त्यानेच पुढे आत्मकथेत लिहून ठेवले. आणि 1936 साली तो आमच्या सेवाग्रामला राहायला आला. गंमत अशी की चित्रपट या वस्तूविषयी मात्र गांधीजींचे मत पुरते प्रतिकूल होते.

याचा अर्थ जे भीतीदायक ते सारे पथ्यकारक, असा मी काढत नाही. नुसते दचकवण्यासाठी अंधारातून तोंड बाहेर काढणाऱ्या चित्रपटांत मला काडीचे सत्त्व दिसत नाही. इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा श्रेष्ठ चित्रपट आहे, पण युद्धकाळच्या जपानात उपाशी मरणारी त्यातली बहीण-भावंडे चिलया बाळासारखी हाकेसरशी परत येत नाहीत. तो मी आठवीच्या आतल्या मुलांना दाखवणार नाही. 1988 साली जपानी चित्रगृहांत तो 'माय नेबर टोटोरो' या प्रसन्न चित्रपटाच्या जोडीने लावला गेला होता, ही योजना मात्र मला शहाणपणाची वाटते.

खरी बेबंदशाही चित्रगृहात नाहीच. कापूसवेचणीच्या दिवसांत आई पहाटे शेतात गेली की पोराच्या हाती मोबाइल येतो, आणि त्यावर एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींना ना वयाचे बंधन, ना आरंभ, ना शेवट. त्या आईला दोष देण्याची माझी छाती नाही. तिला पोर सोपवायला दुसरे माणूस नाही. म्हणूनच माझी विनंती शाळांना आहे. शनिवारच्या मोकळ्या तासाला पडद्यावर चित्रपट लावणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी तो आधी स्वतः अथपासून इतिपर्यंत पाहावा. वर्गातल्या कोणत्या मुलाच्या घरी काय घडले आहे ते आठवावे, आणि ज्याला तो झेपणार नाही त्याला काही निमित्ताने शेजारी बसवून घ्यावे. एकदा लावला की दुःखाच्या जागी बंद करू नये, आणि संपल्यावर त्यावर दहा ओळी लिहून आणण्याचा हुकूमही सोडू नये. बोलणारी मुले आपण होऊन बोलतील, त्यांचे ऐकून घ्यावे. तासात संपणार नाही असा चित्रपट असेल, तर त्या दिवशी तो लावूच नये.